चहाला गेलेली माणसं

कारखान्यात त्याला सगळे किल्ली म्हणायचे. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते पगाराच्या कागदाखेरीज कुणाला माहीत नव्हतं. अंगानं काडी, मान लांब, आणि नाक असं की कुठल्याही भोकात घालून फिरवावं. त्यात नोकरी कुलपांच्या कारखान्यात, आणि कामही नेमकं किल्ली फिरवून बघण्याचं. जोडून झालेलं कुलूप समोर आलं की हा किल्ली घालणार, फिरवणार, कडी खटकन वर आली की दाबून परत बसवणार आणि कुलूप पुढे सरकवणार. अडकलं तर मागे. एवढंच काम, पण त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कुलूप फाटकाबाहेर पडत नसे. जगात किती दारं आपल्या भरवशावर बंद आहेत, असा विचार करत तो कधीकधी बसायचा. त्याच्या स्वतःच्या दाराला मात्र दुसऱ्याच कंपनीचं कुलूप होतं. ते ताईनं आणलं होतं. का, तर दिसायला बरं होतं.

ताई म्हणजे थोरली बहीण. आईबाप लवकर गेले आणि भावंडं एकमेकांना धरून राहिली. लग्न दोघांनीही केलं नाही. करायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. हा म्हणायचा, आधी ताईचं होऊ दे. ती म्हणायची, आधी याचं मार्गी लावते. असं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करता करता दोघांचीही गाडी निघून गेली, आणि मग त्यांनी तो विषय जुन्या गाद्यांसारखा माळ्यावर टाकला. ताई एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघून तिला माणसांबद्दल फारसं चांगलं मत उरलं नव्हतं, आणि ते मत ती संध्याकाळी स्वयंपाकघरातून मोठ्यानं सांगायची. हा बाहेरच्या खोलीत बसून ‘हं’ म्हणायचा. दोन खोल्यांच्या त्या घरात तिचं बोलणं आणि याचं ‘हं’ एवढाच संसार होता, पण भरलेला होता.

मग एका हिवाळ्यात ताई आजारी पडली आणि गेली. तेव्हापासून घरात ‘हं’ म्हणायलासुद्धा कारण राहिलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तो दार लोटायचा ते थेट सोमवारी सकाळी तोंड उघडायचा. दुकानात बोट दाखवलं की भागतं आणि बसमध्ये बोलायची गरजच नसते. सोमवारी फाटकावर पहिला शब्द निघायचा तो घोगरा, गंजलेल्या कुलपासारखा. दोनदा खाकरल्याशिवाय फिरायचा नाही.

म्हणून त्याला कारखाना लागायचा. आणि नेमका तोच उरला नव्हता.

कारखाना बंद पडला असं म्हणायचं नाही, अशी वरून ताकीद होती. कारखाना ‘हलला’ म्हणायचं. ताई जाण्याच्या बऱ्याच आधी तो हलला होता. कुलपं आता दूर कुठेतरी मोठमोठ्या शेडमध्ये यंत्रं जोडत होती. इथे राहिलं ते ऑफिस, पुढची हिरवळ आणि मागच्या अंगाला एक जुना हॉल. हॉलमध्ये एक लांब टेबल, पाच स्टुलं, भिंतीवर खुंट्या, आणि किल्ली. बाकी सगळी माणसं गेली. हा राहिला, कारण कुणीतरी एक राहायला हवं होतं आणि यादी करताना साहेबांच्या समोर हाच उभा होता.

हॉल ठेवला तो पाहुण्यांसाठी. धंदा शिकणारी मुलं हल्ली नुसती वर्गात बसून धंदा शिकत नाहीत. विमानात बसून परक्या देशात जातात, तिथले कारखाने बघतात, पिवळ्या टोप्या घालून फोटो काढतात आणि परत जाऊन अहवाल लिहितात. याला अभ्यास सहल म्हणतात. कंपनीलाही आवडायचं. मोठी माणसं आपला लहानपणीचा फोटो दिवाणखान्यात लावतात, तसा कंपनीनं हा हॉल ठेवला होता: बघा, आम्ही असे हातांनी कुलपं जोडायचो.

तर मुलं आली की किल्ली कुलपं जोडून दाखवायचा. खऱ्या कुलपाला शेवटी रिव्हेट ठोकतात. ते एकदा मिटलं की मिटलं. दाखवायच्या कुलपाला रिव्हेटऐवजी स्क्रू. मुलं गेली की हा स्क्रू काढायचा, पट्ट्या वेगळ्या, स्प्रिंगा वेगळ्या, कड्या वेगळ्या करून वाडग्यांत भरायचा आणि पुढच्या गटाला तीच कुलपं नव्यानं जोडायला तयार. सकाळी जोडायची, दुपारी सोडायची. एकही कुलूप कुठल्या दाराला लागायचं नाही.

पहिल्याच गटातल्या एका मुलीनं विचारलं होतं, स्टुलं पाच आणि माणूस एक, बाकीचे कुठायत? प्रश्न साधा होता. पण भाऊ भांडून घर सोडून गेलेला असावा आणि नेमकं पाहुण्यानं त्याचंच विचारावं, तेव्हा माणूस जसं पटकन ‘बाहेर गेलाय, येईलच’ म्हणतो, तसं किल्ली म्हणाला, “चहाला गेलेत.”

मुलीचं समाधान झालं. किल्लीचंही झालं, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारण पुढच्या गटाच्या वेळी त्यानं आपणहून चार कप टेबलावर मांडले. चहाला गेलेत म्हटल्यावर जागेवर अर्धा कप तरी दिसायला हवा ना! चौघांचे निळे कोट खुंट्यांवर होतेच. कोट कंपनीचे होते, जाताना जमा करायचे होते. पण जमा करून घेणाराही हलला होता, म्हणून ते जिथल्या तिथे राहिले. हळूहळू तो रिवाजच पडला. गट यायच्या दिवशी हा सकाळी कोट झटकणार, चहा करणार, चार कपांत अर्धा अर्धा ओतणार. पाहुणे अर्धा तास थांबायचे. अर्धा तास माणसं चहाला जाऊ शकतात. ते गेले की हा चारही कपांतला गार चहा पिऊन टाकायचा, कारण ताईनं त्याला काही टाकून द्यायला शिकवलं नव्हतं. दुपारभर छातीत जळजळ.

चौघांच्या जागा त्यानं हलू दिल्या नव्हत्या. पहिलं स्टूल लंबूचं. तो पट्ट्या आणि स्प्रिंगा बसवायचा. एवढा उंच की टेबलावर वाकून वाकून प्रश्नचिन्ह झाला होता. दुसरं गवयाचं. तो कानशीनं किल्ल्या घासायचा आणि कानशीच्या सुरात गायचा. सूर कानशीचाच बरा होता. तिसरं याचं स्वतःचं. चौथं पितळीचं, तो कुलपांना झिलई द्यायचा आणि संध्याकाळी स्वतःही पिवळा दिसायचा. शेवटचं पेटीवालीचं. ती कुलूप कागदात गुंडाळून खोक्यात ठेवायची. गवई म्हणायचा की किल्लीचं पेटीवालीवर मन आहे, म्हणून तो तिच्याकडे एकही कच्चं कुलूप जाऊ देत नाही. गवई काहीही म्हणायचा. पण हे म्हणाला तेव्हा किल्ली दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता, यावरून काय ते समजावं.

गवई पुढे वारला. लंबू मुलाकडे गेला. पेटीवालीचा पत्ता नाही. पितळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका पार्किंगवर रखवालदार आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. पण दुपारी कुलपं सोडताना किल्लीला हे सगळं आठवायची गरज पडत नसे. तो कोटांकडे पाठ करून बसायचा आणि बोलायचा. लंबूला म्हणायचा, आज तुझ्या स्प्रिंगा फार उड्या मारतायत रे. गवयाला म्हणायचा, गप की जरा. पेटीवालीच्या जागेशी आला की मात्र नुसतं स्टूल पुसायचा.

हे मॅडमला माहीत होतं. मॅडम म्हणजे पाहुण्यांचं बघणारी मुलगी. मुलगीच ती, किल्लीला भाची असती तर एवढीच असती. परदेशी मुलांना हिच्याशिवाय किल्लीचं कळत नसे आणि किल्लीला त्यांचं. ती मधे उभी राहून इकडचं तिकडे करायची. ‘चहाला गेलेत’ हे वाक्य ती आता किल्लीनं तोंड उघडायच्या आत सांगून मोकळी व्हायची. एकदा दुपारी ती काहीतरी न्यायला हॉलच्या दाराशी आली, आत याचं बोलणं ऐकलं आणि पावलं न वाजवता परत गेली. चांगली मुलगी होती.

तीच एक दिवस येऊन लंबूच्या स्टुलावर बसली आणि नखं कुरतडायला लागली. किल्लीनं ओळखलं, बातमी बरी नाही.

नवे साहेब आले होते. त्यांचं म्हणणं, एका माणसासाठी अख्खा हॉल गरम ठेवायचा, दिवे जाळायचे, हे कशाला? पाहुण्यांना पडद्यावर फिल्म दाखवू. किल्लीची फिल्म काढून ठेवू, म्हणजे तो कायमचा राहील आणि घरीही जाईल.

“माझ्याच फिल्मसाठी मला घरी घालवणार?” किल्लीनं विचारलं.

मॅडम हसली नाही. म्हणाली, एकच वाट आहे. पुढच्या आठवड्यात जो गट येतोय तो मोठ्या कॉलेजचा आहे. त्यांना पसंत पडलं तर ते दरवर्षी मुलं पाठवायचा करार करतील. करार झाला तर हॉल राहील, हॉल राहिला तर तुम्ही राहाल. नाही तर काही खरं नाही.

त्या संध्याकाळी किल्ली घरी गेला आणि खुर्चीत बसला. समोर स्वयंपाकघराचं दार. घरी कायमचं बसायचं म्हणजे या खुर्चीत, या दाराकडे बघत. शुक्रवार ते सोमवार तो काढू शकत होता. सोमवारच नसलेला आठवडा कसा काढतात, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गट आला. दोनेक डझन मुलंमुली आणि त्यांचे सर. सर गोलमटोल, हसरे, बुटांचे बंद सुटलेले. मुलं चांगल्या वळणाची. आत येताना प्रत्येकानं किल्लीला मान लववून नमस्कार केला. त्यानं दाखवायला सुरुवात केली. पहिल्या स्टुलावर बसून पट्ट्या लावल्या, उठून दुसऱ्यावर गेला, किल्ली घासली, मग आपल्या जागेवर येऊन फिरवून बघितली, पुढच्यावर झिलई, शेवटी खोकं. मॅडमनं तिचं नेहमीचं वाक्य म्हटलं. सगळं रीतसर. आता टाळ्या, फोटो आणि बाहेर, एवढंच राहिलं होतं.

पण मुलं हलेनात. त्यांनी खांद्यावरच्या पिशव्या काढल्या, घडीच्या खुर्च्या उघडल्या आणि भिंतीला लागून बसली. एका चष्मेवाल्या मुलीनं मांडीवर भलामोठा तक्ता पसरला. सरांनी हसत हसत सांगितलं आणि मॅडमचा चेहरा उतरला. ती किल्लीजवळ येऊन पुटपुटली, “काका, हे नुसतं बघायला आलेले नाहीत. यांना कामाचा अभ्यास करायचाय. आज दिवसभर आणि उद्यासुद्धा.”

आता दिवसभर चहाला कोण जातं?

किल्लीनं दुसरं कुलूप घेतलं, तिसरं घेतलं. पहिल्या स्टुलावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मुलं मन लावून बघत होती आणि लिहीत होती. किती वेळ पट्ट्यांना, किती वेळ उठायला, किती वेळ चालायला. अधूनमधून चष्मेवाली चष्मा वर करून कोटांकडे बघायची, मग कपांकडे, मग दाराकडे. कपांतली वाफ केव्हाच गेली होती. मुलं जेवायला गेली तेव्हा किल्लीनं धावतपळत नवा चहा करून ओतला, म्हणजे निदान मधे येऊन गेले असं वाटावं. दुपारी मुलं परत आली, तर कप भरलेले आणि माणसं नाहीत. चष्मेवालीनं तेही टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तेच. एकदा सोंग घेतलं की ते पार पाडावं लागतं, आणि हे तर चार जणांचं सोंग एकट्यानं घ्यायचं होतं. संध्याकाळी त्याचे पाय एवढे सुजले की बूट घालवेना. पण खरं सांगायचं तर ते दोन दिवस त्याला बरेही गेले. एवढी पोरं दिवसभर आपल्याकडे बघतायत, आपण हात हलवला की लिहितायत, हे त्याच्या जन्मात कधी झालं नव्हतं. एका मुलानं खाणाखुणा करून त्याला खिशातली गोळी दिली. ती त्यानं तिथल्या तिथे खाल्ली नाही, घरी नेऊन खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मुलांनी ऑफिसच्या मोठ्या खोलीत आपला अभ्यास मांडला. नवे साहेब पुढे बसले होते. किल्लीलाही बोलावलं होतं. तो धुतलेला कोट घालून मागच्या खुर्चीत बसला आणि मॅडम त्याच्या बाजूला, कानात सांगायला.

पडद्यावर टेबलाचं चित्र आलं. पाच चौकोन, आणि त्यांच्यामधून एक लाल रेघ इकडून तिकडे अशी फिरलेली की लहान मुलानं भिंत खरडावी. ती रेघ म्हणजे किल्ली होता. चष्मेवाली बोलायला उभी राहिली. आवाज गोड, बोलणं मुद्द्याचं. मॅडम सांगत गेली आणि सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

मुलांचं म्हणणं असं होतं: या टेबलावर पाच कामगार आहेत. त्यांपैकी चार जण सगळा काळ चहाच्या सुट्टीवर असतात. मधूनच येऊन कप भरून जातात, पण काम करत नाहीत. एकच वयस्कर माणूस पाचही जणांचं काम करतो, आणि तक्रार करत नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे. तेव्हा आमची शिफारस अशी की त्या चौघांना कमी करावं आणि या एकाला चाकाचं स्टूल द्यावं, म्हणजे त्याला उठावं लागणार नाही.

नवे साहेब खोकले. त्यांना पगाराचा कागद माहीत होता. त्यावर एकच नाव होतं. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनं जमिनीकडे. साहेबांच्या मिशीत हसू आलं होतं, ते त्यांनी रुमालात घेतलं. सर मात्र गंभीर होते. अभ्यास म्हणजे दोन्ही बाजू ऐकणं, असं मानणारा तो माणूस. ते मागे वळले आणि सरळ किल्लीला काहीतरी विचारलं. खोलीतली सगळी डोकी वळली.

“काका,” मॅडम म्हणाली, “ते विचारतायत, तुम्ही इतकी वर्षं या चौघांबरोबर काम केलंय. तुम्हाला काय वाटतं? ते नसले तर काम अडेल का?” आणि त्याच दमात, त्याच आवाजात तिनं पदरचं जोडलं, “नीट विचार करा. करारावर सही याच्यानंतर आहे.”

किल्ली उभा राहिला. अडेल म्हणावं, तर सर म्हणणार बोलवा चौघांना, आम्ही त्यांचंही ऐकतो. मग गवयाला कुठून आणायचा? कुणी नाहीच म्हणावं, तर सगळा खेळ उघडा, करार गेला, हॉल गेला, आणि मॅडमचीही शोभा. तिसरं उत्तर एकच होतं. पण तिकडे हॉलमध्ये खुंट्यांवर चार कोट होते आणि इथे गोड आवाजाची पोरगी त्यांना कामचोर म्हणत होती. लंबूला, ज्यानं पाठीचा कणा या टेबलावर वाकवला. पेटीवालीला, जिच्या हातून कधी खोकं तिरकं गेलं नाही.

त्यानं दोनदा खाकरलं.

“नाही अडणार,” तो म्हणाला. “इतके दिवस कुठे अडलंय?”

मॅडमनं ते तिकडे केलं. सरांनी मान डोलावली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवालीला वाटलं आपण या म्हाताऱ्याचं भलं केलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची काही चूक नव्हती. बाहेर जाताना तिनं त्याचा हात हातात घेऊन दाबला. किल्लीचा हात गार होता.

करार झाला. पडद्यावरची फिल्म लांबणीवर पडली. साहेब दोन दिवस भेटेल त्याला हा किस्सा सांगत होते.

पुढच्या आठवड्यात मॅडम हॉलमध्ये आली. या वेळी ती बसली नाही. सरांना फोटो हवा होता: आमच्या मुलांनी सुचवलं आणि कंपनीनं केलं, असं त्यांना कॉलेजात दाखवायचं होतं. साहेब हो म्हणाले होते. तेव्हा कोट, कप, स्टुलं...

“मी शिपायाला सांगते काका. तुम्ही आज लवकर घरी जा.”

“घरी कशाला?” किल्ली म्हणाला. “मीच काढतो.”

तिनं दार ओढून घेतलं. त्यानं एकेक कोट खुंटीवरून उतरवला, झटकला, घडी केली. खिशांत काही नव्हतं. धूळ, आणि गवयाच्या खिशात एक बटण, तेही दुसऱ्याच कुठल्यातरी कपड्याचं. स्टुलं त्यानं एकावर एक चढवून भांडारात नेली. पेटीवालीचं स्टूल वर ठेवलं. कोट मात्र भांडारात टाकवेनात, म्हणून घरी नेले आणि ताईच्या कपाटात ठेवले.

चाकाचं स्टूल आलं. छान होतं, काळ्या रेक्झिनचं. जरा पाय मारला की माणूस घरंगळत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला. फोटोत किल्ली त्यावर बसून हसतोय, असं मॅडमनं काढून घेतलं.

नवा गट आला. त्यानं जोडून दाखवलं, घरंगळत गेला, घरंगळत आला. मुलांना फार मजा वाटली. बाकीची माणसं कुठायत, असं या वेळी कुणीच विचारलं नाही. एका माणसाचं टेबल, एक स्टूल. विचारण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मॅडमनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मुलं गेल्यावर तो कुलपं सोडायला बसला. लंबूच्या जागेशी आल्यावर काही बोलावं म्हणून ओठ हलले, पण आपण यांना काढून टाकलंय, आता कुठल्या तोंडानं बोलायचं, असं वाटून गेलं. स्क्रू वाडग्यात पडल्याचा आवाज हॉलभर व्हायचा.

म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यानं ताईचं कपाट उघडलं, पितळीचा कोट काढला, कागदात गुंडाळला आणि दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. पार्किंग सापडायला दुपार झाली. फाटकाशी काचेची एक केबिन, आत हीटर, आणि हीटरसमोर पाय पसरून बसलेला पितळी. दाढी वाढली होती. पिवळेपणा गेला होता. म्हणजे आता तो कुठल्याही माणसासारखा दिसत होता.

“किल्ली?” तो म्हणाला. “लेका, आहेस अजून?”

“आहे. तुझा कोट आणलाय.”

“माझा कसला कोट?”

किल्ली दारात उभा राहूनच बोलायला लागला. चहाचं सांगितलं, कपांचं सांगितलं, पोरांच्या तक्त्याचं सांगितलं. पितळी आधी हसला, मग एवढा हसला की खोकल्याची उबळ आली आणि त्याला गुडघे धरावे लागले.

“म्हणजे इतकी वर्षं आम्ही चहाच पितोय? अरे, कप विसळायला तरी हाक मारायचीस!”

“तुला काढून टाकलं,” किल्ली म्हणाला.

“ते केव्हाच.”

“नाही. आता परत. आणि त्यांनी मला विचारलं होतं. तुम्ही चौघं नसलात तर अडेल का म्हणून.” त्यानं खाकरलं. “मी म्हटलं, नाही अडणार.”

पितळीनं डोळे पुसले आणि खांदे उडवले. “बरोबरच बोललास की. तुझी जागा राहिली ना? मी असतो तरी तेच बोललो असतो.”

किल्लीला हे नको होतं. दोन्ही बसमध्ये त्यानं मनाची तयारी केली होती ती वेगळ्याच गोष्टीची. पितळीकडे कुलूप सरकवायला जरा उशीर झाला की तो स्टुलावरून अशा शिव्या घालायचा की पेटीवाली कानांवर हात ठेवायची आणि गवई गाणं थांबवून ऐकायचा. याच्या सात पिढ्या निघायच्या, नाक निघायचं, मान निघायची, आणि दुपारी दोघं एका डब्यात जेवायचे.

“शिवी तरी दे एखादी,” तो म्हणाला.

पितळीनं त्याच्याकडे नीट बघितलं. थट्टा नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलले. एवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. पितळी उठला, दांडा वर केला, कमरेत वाकून ‘या साहेब’ म्हणाला, गाडी आत गेली, दांडा खाली केला आणि परत येऊन बसला.

“नाही येत रे,” तो म्हणाला. “दिवसभर या साहेब, जा साहेब. जीभ पार सपाट झालीय.”

त्यानं कोट उलगडून बघितला, हात घालून बघितला, दंडाशीच अडकला. मग तसाच गुडघ्यांवर पसरला. केबिनमध्ये खुर्ची एकच होती. किल्ली म्हणाला, निघतो. पितळी म्हणाला, थांब की, दाराला टेकून उभा राहा, वारा येणार नाही. तेवढ्यात आणखी एक गाडी आली. ती आत गेल्यावर दुसरी आली. पितळी उठत होता, बसत होता, आणि मधल्या वेळात दोघं हीटरकडे बघत होते.